गंगूमावशीची मोटार अर्धी राहिली होती, आप्पा

आप्पा,

सोमवारी शटर मी उघडलं. तुम्ही एका झटक्यात वर फेकायचात, मला ते जमलं नाही. अर्ध्यावर अडकलं. मग शेजारचे चहावाले पोपटमामा हातातलं भांडं खाली ठेवून आले आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला. "तेल पाज गं ह्याला," एवढंच म्हणाले आणि लगेच पाठ फिरवून गेले. डोळे पुसायला गेले, मला कळलं.

आदल्याच दिवशी तुमचा जलदान विधी झाला होता. लोक म्हणाले असतील, एवढी काय घाई. पण मला थांबायची भीती वाटत होती. एक दिवस बंद राहिलं की दुसरा दिवस बंद ठेवणं सोपं जातं, हे मी शाळेच्या बाबतीत करून बघितलं आहे. आठवीत असताना आई आजारी पडली म्हणून आठ दिवस घरी राहिले. परत जायचा दिवस काही आलाच नाही. त्यानंतर लग्न झालं आणि हिंगोलीहून इतक्या लांब, ह्या शिरूर-न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या फाट्यावर येऊन पडले. म्हणून सोमवारी उठले, ह्यांचा डबा भरला, हे रांजणगावच्या कंपनीच्या बसमध्ये चढले तशी मी दुकानात आले.

टेबल तुम्ही ठेवून गेला होता तसंच होतं. गंगूमावशीची विहिरीवरची पाच हॉर्सची जळलेली मोटार, भरायला उघडलेली. आतल्या अर्ध्या खाचांत नवी तार बसवलेली, अर्ध्या रिकाम्या. फर्म्यावर, तार गुंडाळायच्या त्या साच्यावर, एक कॉइल अर्धवट राहिलेली. आणि टेबलाच्या कडेला खडूनं तुमचा आकडा, २७.

कुणी मधेच हाक मारली की तुम्ही वेढे किती झाले ते खडूनं लिहून उठायचात. त्या दुपारीही तसंच लिहिलंत. "सविता, छातीत कसंतरीच होतंय गं," म्हणालात आणि उठलात. पण उठायच्या आधी आकडा लिहिलात. आप्पा, मी ह्या दहा दिवसांत रडले ते दवाखान्यात नाही, घरी नाही, विधीला पण फारशी नाही. त्या सत्तावीसवर रडले.

*

विधीला मी बायकांत मागं बसले होते. सगळ्यांना वंदना पाठ, मला येत नव्हती. नुसते ओठ हलवले. तुम्ही असता तर नंतर चेष्टा केली असती, "काय सविताबाई, गाळलेल्या जागा भरल्या का?"

जेवणं झाल्यावर ताईंनी मला बाजूला बोलावलं. तुमची लेक मला कधी परकी वाटली नाही, दौंडहून येताना माझ्यासाठी पण खाऊ आणायच्या. पण त्या दिवशी त्यांचा आवाज ऑफिसातला होता.

"सविता, रागावू नकोस. गाळ्याला एक जण विचारतोय. नव्या पंपांचं दुकान टाकायचंय त्याला. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"ताई, मी चालवते ना."

"तू काम करशील गं, मला शंका नाही. पण लोक येतील का? ते आप्पांकडं यायचे. आप्पांचा हात म्हणून यायचे. बाईमाणूस एकटी मोटारी भरतीये म्हटल्यावर कोण टाकणार तुझ्याकडं मोटार?"

खरं तर तेच मी स्वतःला दहा दिवस विचारत होते.

"बघ," ताई म्हणाल्या, "अमावास्येपर्यंत मी त्याला थांबवते. आप्पा नसताना, तुझ्या नावावर एक जरी मोटार इथं आली, म्हंजी स्वतःहून कुणी आणून टाकली, तर मला फोन कर. गाळा तुझा. नाही आली तर आपण दोघींनी मिळून सामान आवरायचं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

*

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा आले ती मिक्सर घेऊन? इथं येऊन चार महिने झाले होते. खोलीच्या बाहेर कुणाला ओळखत नव्हते. बोलले की लोक माझ्या बोलण्याला हसायचे, म्हणून बोलणंच सोडलं होतं. मिक्सर बंद पडला तर केवढा आनंद झाला होता, बाहेर पडायला कारण मिळालं.

तुम्ही कुणाची तरी मोटार भरत होता. मांडीवर फर्मा, एका हातानं दांडी फिरवताय, तोंडातल्या तोंडात मोजताय. तेवढ्यात एक भय्या आला, "आप्पा, कूलर का पंखा देखो ना," आणि तुमचं मोजणं चुकलं. "च्यायला," म्हणालात, आणि तार उलटी सोडायला लागलात.

माझ्या तोंडून गेलं, "एकेचाळीस झालेत."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुला काय म्हाईत?"

"मोजत होते."

"उगंच?"

"उगंच."

तुम्ही तार सोडून मोजलीतच. एकेचाळीस निघाले. मग मला मोडक्या स्टुलावर बसायला सांगितलंत. "शाळा किती?"

"आठवी. सोडली."

"मोजणं सोडलं न्हाईस ना? बास झालं मग."

एवढंच. कुणी माझ्या अर्धवट शाळेबद्दल विचारून मला इतकं सोपं उत्तर दिलं नव्हतं. आमच्या घरी तो विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे, जसं काही मी काही चोरलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पण आले. मिक्सर तर आदल्याच दिवशी झाला होता.

सुरुवातीला लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. गावातले एक जण मोटार न्यायला आले आणि मला वार्निश लावताना बघून दारातच थांबले. "आप्पा, हिनं भरली का काय मोटार? बाईच्या हातची? जळली म्हंजी?"

तुम्ही मान पण वर केली नाहीत. "माझ्या हातच्या बी जळत्यात की. तवा कवा म्हणला न्हाईस, आप्पा तुम्ही लुगडं नेसून बसा म्हणून."

बाकावर बसलेले सगळे हसले. ते पण हसले. मोटार घेऊन गेले आणि ती मोटार अजून चालू आहे, रस्त्यानं जाताना मी ऐकते.

*

आपलं खरं भांडण बदलीच्या मोटारींवरून होतं. ते अर्धवटच राहिलं, म्हणून ते आता मला एकटीला पुरं करायचं आहे.

मला आधी तुमची रीत समजलीच नव्हती. तुमच्याकडं तीन जुन्या मोटारी होत्या. हिरवी, म्हातारी, आणि एक पाय तुटलेली लंगडी. कुणाची मोटार जळली की ती भरून होईपर्यंत दोन-तीन दिवस ह्यातली एक त्याच्या विहिरीवर जायची, म्हणजे पाणी तुटत नव्हतं. इथपर्यंत ठीक. पण तुमचा नियम असा की मोटार परत दुकानात आणायची नाही. आपली मोटार भरून झाली की बदलीची काढायची आणि रांगेत पुढं ज्याचा नंबर असेल त्याच्या विहिरीवर स्वतः नेऊन द्यायची. नुसती टाकून यायचं नाही, दोघांनी मिळून बसवायची, पाणी पडलं की निघायचं.

आणि नंबर म्हणजे नंबर. जो आधी आला तो आधी. सोसायटीचा माजी चेअरमन असो का कुणाची अर्धा एकर असो.

मी म्हणायचे, "आप्पा, कुठली मोटार कुणाकडं हाय, वहीत लिहीत जाऊ. एखाद्यानं ठेवून घेतली म्हंजी?"

तुम्ही म्हणायचात, "लिवलं का मोटार माझी झाली. मग मला राखत बसावं लागंल. न लिवता फिरती तवर ती फाट्याची हाय. सगळे राखत्यात."

"आन् हरवली तर?"

"इतक्या वर्सांत हरवली का?"

"न्हाई."

"मग तुझ्या वहीचं काय लोणचं घालायचं?"

मला तुमचा रागच यायचा. मला सगळं लिहिलेलं लागतं, दाराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारी बाई मी. गॅस बंद केला का हे बघायला निम्म्या वाटेतून परत गेलेली. पण मग ते दोघे चुलत भाऊ आठवतात, बांधावरून भांडलेले. पोरांच्या लग्नात पण एकमेकांकडं गेले नव्हते. एकाकडं म्हातारी मोटार होती आणि रांगेत पुढचा नंबर दुसऱ्याचा आला. पहिला तुमच्याकडं आला, "आप्पा, मी इथं आणून टाकतो, तुम्ही तेला द्या."

"नियम न्हाई तसा."

"आप्पा, मी तेच्या विहिरीवर पाय ठेवणार न्हाई."

"नको ठेवूस. मोटार ठेव. ती कशी ठेवायची पाय न ठेवता, ते तुझं तू बघ."

शेवटी गेला. पाण्यात उतरून दोघांनी पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व बसवला असेल, काय बोलले कुणास ठाऊक. आजही ते काही गळ्यात गळे घालत नाहीत. पण पोपटमामांच्या टपरीवर एका बाकावर बसतात. एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या. तुम्ही मला डोळ्यानं दाखवायचात आणि फर्मा फिरवत राहायचात.

हे दुकान नसतं तर फाट्यावर काय असतं? बस थांबते, धूळ उडते, बस जाते. केंदूरपासून भीमेपलीकडं कासुर्डीपर्यंतची माणसं इथं मोटार घेऊन यायची, दोन तास बसायची. बसली म्हणून पोपटमामांचा चहा चालला. चहा चालला म्हणून शेजारी भाजीवाली बसायला लागली. कंपनीतली पोरं सुटल्यावर इथंच उतरून भाजी घेऊन जायची. कुणाची पोरगी बघायची आहे, कुणाला मजूर हवेत, कुठल्या शिवारात बिबट्या दिसलाय, सगळं ह्या बाकावर कळायचं. मी परमुलखातली बाई, पण ह्या बाकामुळं तीन वर्षांत मला तालुक्यातली माणसं नावानं ओळखायला लागली. "काय सविताताई, हिंगोलीला पाऊस झाला का?" असं विचारायला लागली. हे तुम्ही मला दिलंत, आणि तुम्ही मला ते देताय हे तुम्हाला माहीत पण नव्हतं.

*

आता ते सांगते जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी दादाभाऊंची मोटार जळली होती. दादाभाऊ म्हणजे सोसायटीचे माजी चेअरमन, वीस एकर ऊस. त्या दिवशी तुम्ही दौंडला ताईंकडं गेला होता. मोटारीला बावीस नंबरची तार लागत होती आणि बावीसचं बंडल संपलं होतं. तेवीसचं होतं. नंबर वाढला की तार बारीक, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पण दादाभाऊ फोनवर फोन करत होते, ऊस वाळतोय म्हणून, आणि मला वाटलं, एका नंबरानं काय होतंय. तुमच्यामागं मी एकटीनं एक मोठी मोटार भरून दाखवली असं मला तुम्हाला सांगायचं होतं. तेवढ्यासाठी, आप्पा. मी तेवीसची तार टाकली आणि कुणाला बोलले नाही.

नऊ दिवसांत जळली.

दादाभाऊ पिकअपमधून मोटार घेऊन आले ते ओरडतच. बाकावर सात-आठ माणसं होती. तुम्ही शांतपणे मोटार उघडलीत, जळलेली तार एक बोटभर बाहेर ओढलीत, नखानं वरचा कोळसा खरवडलात आणि अंगठ्या-बोटात धरून बघितलीत. तारेची जाडी मोजायचं गेज लावायची गरज तुम्हाला नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. तेच मला जास्त लागलं.

"कुणी भरली ही?" दादाभाऊ म्हणाले.

"मी," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही दौंडला व्हता त्या दिवशी."

"आल्यावर भरली. माझ्या हातनं चूक झाली. परवा न्यावा, दादाभाऊ."

"तुमच्यावर इस्वास टाकला ही माझीच चूक," ते म्हणाले. "शेवटी..."

आणि थांबले. सगळ्यांना कळलं 'शेवटी'च्या पुढं काय येणार होतं. तुमच्या मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. बाकावरची माणसं जमिनीकडं बघायला लागली. तुम्ही फक्त म्हणालात, "परवा. दुपारच्या आत."

ते गेल्यावर मला वाटलं आता तुम्ही मला हाकलणार. तुम्ही खिशातून वायरगेज काढलंत, ते गोल, कडेला खाचा असलेलं, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलंत. "हे आता तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणालात. "मला बोटानं कळतं. तुला अजून कळत न्हाई."

माफी मागायची होती. रोज सकाळी ठरवून यायचे, आज मागू. मग तुम्ही काहीतरी चेष्टा करायचात आणि दिवस निघून जायचा. मला वाटायचं, वेळ आहे. दादाभाऊ त्यानंतर पण येत राहिले, तुम्ही त्यांच्याशी पहिल्यासारखंच बोलायचात, आणि दर वेळी मी मान खाली घालून तारच मोजत बसायचे.

*

आता ह्या आठवड्याचं ऐका.

सोमवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी झाडलं, बंडलं पुसली, बाबासाहेबांच्या फोटोला हार बदलला, शटरला तेल घातलं. बाकावर माणसं येऊन बसली, तुमच्याबद्दल बोलली, माझ्याकडं बघून "च्च" केलं आणि गेली. मोटार कुणी आणली नाही. गंगूमावशीच्या मोटारीला मी हात लावला नव्हता. ती आधीपासूनच दुकानात होती, तुमच्या नावावर आलेली. ताईंच्या हिशोबात ती धरायची नव्हती. आणि मला भीती वाटत होती, तुमचं अर्धं काम मी बिघडवलं तर?

दोनच्या सुमाराला पिकअप थांबली. दादाभाऊ उतरले. मागं मोटार.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी टेबलावरचं गेज उचलून मुठीत घेतलं.

"आप्पा गेले, फार वाईट झालं," ते म्हणाले. "मी बाहेरगावी व्हतो, आल्यावर कळलं. मोटार जळलीया. शिरूरला नेणार व्हतो, मग म्हणलं बघावं कोण हाय." त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. "कोण बसतं आता हितं?"

"मी."

"ते झालं. भरतं कोण?"

"मीच."

त्यांनी मोटार उतरवली पण नाही. "बदलीची हाय का एखादी?" त्यांनी विचारलं. "उसाची लागण सुकतीया. मोटारीचं मग बघू."

दुकानात एकही नव्हती. तुम्ही लिहून ठेवलं नव्हतं ना, आप्पा. मला एकच माहीत होतं, हिरवी गंगूमावशीकडं आहे. लंगडी आणि म्हातारी कुठं फिरताहेत, देवाला ठाऊक. म्हणजे गंगूमावशीची मोटार भरून तिच्या विहिरीवर बसली तरच हिरवी सुटणार आणि दादाभाऊंना मिळणार.

मी तसं सांगितलं. दादाभाऊ म्हणाले, "तिचं कितीसं रान? अर्धा एकर मेथी-कोथिंबीर. दोन दिवस थांबंल ती. मी माणसं पाठवून हिरवी काढून नेतो."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते माझ्या कानात होतं. पण म्हणायचं मला होतं. आप्पा, मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नंबर हाय, दादाभाऊ. मावशीची मोटार आधी हुईल. तिचं पाणी पडलं का हिरवी तुम्हाला. मावशी कुठं वाहून आणणार, तिच्या विहिरीवर या, दोघं मिळून काढा."

"आन् न्हाई आलो तर?"

"मग शिरूरला न्या."

मी असं बोलले. नंतर अर्धा तास मला बसवेना. ज्या एका मोटारीवर सगळं अडलं होतं ती मी स्वतःच्या तोंडानं शिरूरला धाडली होती. पिकअप मोटारीसकट निघून गेली.

मग दुसरं काही उरलंच नाही. मी फर्मा मांडीवर घेतला. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी तुमचे वेढे नखानं एकेक मोजले. सत्तावीसच होते. टेबलावरचा आकडा पुसला नाही. दांडी धरली आणि मोठ्यानं म्हटलं, "अठ्ठावीस."

त्रेचाळीसला तार तोडली, कॉइल उतरवली, पुढची घेतली. तुमच्या कॉइलींच्या शेजारी माझ्या बसवत गेले. प्रत्येक बंडलाला गेज लावून बघितलं, जुन्या तारेला लावून बघितलं, पुन्हा बंडलाला. संध्याकाळपर्यंत खाचा भरल्या. मंगळवारी जोडण्या केल्या, दोऱ्यानं बांधल्या, टेस्ट लॅम्प लावून तीन वेळा बघितलं, वार्निश दिलं. बुधवारी दिवसभर उन्हात ठेवली, मी तिच्याजवळून हलले नाही. पोपटमामांनी चहा आणून दिला. "पोराला न्हाऊ घालून उन्हात ठेवल्यावानी बसलीस की," म्हणाले.

आज सकाळी त्यांच्याच भाच्याच्या रिक्षातून मोटार गंगूमावशीच्या विहिरीवर नेली. हा आठवडा शेताला दिवसा लाइट यायचा. मावशी वाटच बघत होत्या, तुमचं नाव काढून डोळ्याला पदर लावला. आणि विहिरीच्या पलीकडं, चिंचेखाली, दादाभाऊ उभे होते. एकटेच. माणसं आणली नव्हती.

ठरल्याप्रमाणं त्यांनी आणि मावशींनी मिळून हिरवी काढली. मावशी नट ढिले करत होत्या, दादाभाऊंनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरला होता. "दादाभाऊ, हात सरळ धरा की, काय चेअरमनकी करताय," मावशी म्हणाल्या. ते "व्हय व्हय" म्हणाले.

आमची बसवली. वायरी जोडल्या. स्टार्टर दाबायच्या आधी मी थांबले. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं वाटलं. तुम्हाला सांगायला उशीर झाला होता, पण ज्यांच्यासमोर तुम्ही खोटं बोलला होता ते समोर होते.

"दादाभाऊ, दोन उन्हाळ्यांपूर्वी तुमची मोटार जळली ती आप्पांनी भरली नव्हती. मी भरली व्हती. तार बारीक टाकली, मला म्हाईत असून. आप्पांनी अंगावर घेतलं."

त्यांनी दुमडलेली पॅन्ट खाली सोडली. मावशी हातातला पाना धरून उभ्या.

"म्हंजी ते माझ्यासमोर खोटं बोलले," दादाभाऊ म्हणाले.

"व्हय."

"आन् मी तेंना चार माणसांत..." त्यांनी विहिरीत बघितलं. "त्या दिवशी मी पुढचं बोललो न्हाई, पण बोलल्यागतच झालं. तेंना कळलं व्हतं. तिसऱ्या दिवशी मोटार न्यायला गेलो तर म्हणले, बसा दादाभाऊ, चहा घ्या. मला वाटलं, माफी मागावी. पण चहाच पिऊन आलो."

"मी पण," मी म्हटलं. "रोज चहाच पीत ऱ्हायले."

मावशी म्हणाल्या, "आता दोघं मला चहा पाजून मारणार का? माझी मेथी बघा की. दाबा ते बटन."

मी दाबलं. मोटारीनं एक हुंकार दिला, मग आवाज एकसारखा झाला. पाइप आधी नुसता थरथरला. मग पाणी आलं, आप्पा. जोरात आलं, मावशींच्या पाटात आलं, वाफ्यात आलं. मी मोटारीच्या अंगावर तळहात ठेवून बसले, तापते का बघत. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. कोमटच होती.

दादाभाऊ पिकअपमध्ये हिरवी चढवत होते. मधेच थांबून म्हणाले, "ह्या मोटारीत तुझं किती आन् आप्पांचं किती?"

"अर्धं-अर्धं."

त्यांनी चालत्या मोटारीचा आवाज ऐकला. "कळत न्हाई," म्हणाले. मग पिकअपच्या मागच्या बाजूचं ताडपत्रीचं टोक उचललं. खाली त्यांची जळलेली मोटार तशीच होती. शिरूरला गेलीच नव्हती. "ही वाटेत तुझ्या दुकानात उतरवतो," म्हणाले. "ह्या बारीला..."

"तार बघून टाकीन," मी म्हटलं.

*

ताईंना फोन केला. मी नुसतं "ताई, आली" म्हटलं आणि त्यांना समजलं. मागं दौंडच्या स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "त्या पंपवाल्याला मी आजच सांगते." आणि मग, "सविता, आप्पांचा चष्मा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल. तिथंच राहू दे."

तिथंच आहे.

लंगडीचा आणि म्हातारीचा अजून पत्ता नाही. मी मोटारी लिहून ठेवायला एक वही आणली होती, सोमवारी सकाळीच, शटर उघडायच्या आधी. निळ्या पुठ्ठ्याची. आजपर्यंत तिच्यात एकाही मोटारीचं नाव लिहिलेलं नाही. हे तुम्हाला लिहितेय ते त्याच वहीत. त्या दोघी येतील. कुणीतरी कुणाच्या तरी विहिरीवर मिळून बसवत असेल.

माफ करा, आप्पा. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही नक्कीच चेष्टा केली असती, आणि मी हसून निसटले असते, म्हणून कदाचित जमलं नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी हिंगोलीला पोचू शकले नव्हते, गाडी मिळाली नाही. तुमच्या वेळी मी शेजारी होते. तुमचा हात माझ्या हातात होता, तारेनं कडक झालेला. त्याबद्दल मला कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून तुमचेच मानते.

आता उठते. दादाभाऊंची मोटार टेबलावर उघडून ठेवली आहे, जुनी तार काढली आहे, आणि बाकावर एक जण मिक्सर घेऊन बसला आहे, मघापासून माझ्याकडं बघतोय. नवं बंडल आजच फोडलं. बावीस आहे, आप्पा. तीनदा गेज लावून बघितलं.